तळटीप : ‘मार्जिनवर घेतलेले शेअर’

मार्जिनवर : शेअरच्या किमतीतला थोडा भाग, १९२०च्या दशकात अनेकदा १० ते २० टक्के, पदरचा घालायचा आणि उरलेले पैसे दलालाकडून कर्जाऊ घ्यायचे, तारण तोच शेअर. भाव चढता असेतोवर याची झळ कुणाला लागत नाही. उतरला की दलाल आणखी रोख मागतो, ती न मिळाल्यास शेअर विकून टाकतो आणि त्या विक्रीनेच भाव आणखी पडतो. लेखकाने वर्णिलेल्या अमेरिकेत १९२०-२१ची मंदी सरल्यावर मोटारी, रेडिओ हप्त्याने घरोघरी येऊ लागले. ही भरभराट निव्वळ आभास नव्हती, हे मुद्दाम नोंदवायला हवे. पण पहिल्या महायुद्धाच्या तेजीत कर्ज काढून जमिनी घेतलेला शेतकरी धान्याचे भाव कोसळताच या भरभराटीबाहेर फेकला गेला, आणि त्याच्याविषयी या प्रकरणात एक ओळही नाही. आता बाजाराचे आकडे : ३ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ३८१ वर होता. २८ व २९ ऑक्टोबर या दोनच दिवसांत तो जवळजवळ पावहिश्श्याने घसरला. जुलै १९३२ मध्ये ४१ उरला. – संपा.