विहीर कुणाची, हात कुणाचे?

बारावीचे निकाल लागले की आमच्या नात्यागोत्यात फोन सुरू होतात. कुठली शाखा घ्यावी, कुठलं कॉलेज चांगलं, पुढे नोकरी कसली मिळेल. यंदा त्यात एक नवा प्रश्न आला: "ऑइल सर्व्हिसेसमधलं करिअर कसं असतं हो?" मी आयुष्यभर इतिहास शिकवला. पगाराचे आकडे मला विचारू नयेत. पण कुठल्याही धंद्यात शिरण्याआधी तो जन्मला कसा आणि त्यात कुणी काय कमावलं, काय गमावलं, हे पाहून घ्यावं असं माझं मत आहे. तेवढंच इथे मांडतो.

आधी हे 'सर्व्हिसेस' म्हणजे काय ते बघू. आपल्या गावात बोअर मारतात ते आठवा. जमीन शेतकऱ्याची, पाणी लागलं तर तेही त्याचं. पण बोअरची गाडी, मशीन, पाइप आणि ती चालवणारी माणसं दुसऱ्याची. गाडीवाला फुटावर पैसे घेतो. पाणी लागो न लागो, त्याचे पैसे चुकत नाहीत; आणि धो धो पाणी लागलं तरी त्याला जास्त मिळत नाही. तेलाच्या धंद्यातही असंच आहे. तेलक्षेत्र ज्याच्या ताब्यात असतं ती कंपनी एक, आणि तिच्यासाठी विहीर खोदणारी, तिला सिमेंट करणारी, आत तेल आहे का हे मोजणारी, रिगवर जेवण रांधणारी कंपनी दुसरी. हा दुसरा भाग म्हणजे सेवाउद्योग.

ही वाटणी पहिल्या विहिरीपासूनची आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल गावी 1859 साली एडविन ड्रेकने तेलाची विहीर खणली, हे पुष्कळांना ठाऊक असतं. ड्रेक हा पूर्वी रेल्वेत कंडक्टर होता. खोदकामाचा त्याला काडीचा अनुभव नव्हता. त्याने शोधून आणला तो विल्यम स्मिथ. हा पेशाने लोहार. मिठाच्या विहिरी खणणाऱ्यांची हत्यारं घडवायचा, लोक त्याला 'अंकल बिली' म्हणत. भोकात पाणी आणि वाळू ढासळू लागली तेव्हा ड्रेकने लोखंडी नळी खडकापर्यंत ठोकून बसवायची आणि तिच्या आतून खोदायचं असं ठरवलं. 27 ऑगस्टला साधारण साडेएकोणसत्तर फुटांवर काम थांबलं, आणि दुसऱ्या दिवशी रविवारी नळीत तेल वर आलेलं दिसलं ते या बिलीला. पैसा कंपनीचा, कल्पना ड्रेकची आणि हात लोहाराचे. पुस्तकात नाव राहिलं ड्रेकचं. पण त्यालाही संपत्ती लाभली नाही. म्हातारपणी तो राज्य सरकारने दिलेल्या वर्षासनावर जगला आणि 1880 मध्ये वारला.

पुढची नावं आज मोठमोठ्या कंपन्यांच्या पाट्यांवर दिसतात, पण सुरुवात त्यांचीही अशीच कारागिरीची. 1909 साली हॉवर्ड ह्यूज थोरले यांनी दोन फिरत्या शंकूंचं दातेरी पातं पेटंट केलं. त्याआधीची पाती कठीण खडकावर बोथट व्हायची. या पात्याने तो खडक भरडला जाऊ लागला. हे पातं ते भाड्याने देत. पुढे अर्ल हॅलिबर्टन. विहिरीची भिंत आणि लोखंडी नळी यांच्या मधल्या फटीत सिमेंट भरलं नाही तर खालचं पाणी तेलात शिरतं. हे काम त्यांनी 1919 साली ओक्लाहोमा राज्यात सुरू केलं, ते उसन्या आणलेल्या गाडीवर, खेचरं जोडून आणि उसन्या पंपावर.

मला सर्वात आवडते ती फ्रान्सच्या श्लंबर्जे बंधूंची गोष्ट. आपल्याकडे विहीर कुठे खणावी हे सांगायला पाणाड्या बोलावतात. तो तळहातावर नारळ ठेवून शेतात फिरतो. तेलातही कितीतरी वर्षं अंदाजपंचेच कारभार होता. विहीर खणल्यावर आतून निघालेला दगड पाहायचा आणि तर्क करायचा. कॉनराड आणि मार्सेल या भावांनी जमिनीत वीज सोडून तिचा रोध मोजायची पद्धत काढली. खारं पाणी भरलेल्या खडकातून वीज सहज जाते, तेल भरलेल्या खडकातून अडखळत जाते. 5 सप्टेंबर 1927 रोजी अल्सेस प्रांतात पेशेलब्रॉन इथे त्यांच्या माणसांनी एका विहिरीत तारेने उपकरण सोडलं. एका जागी थांबायचं, रोध मोजायचा, वहीत लिहायचा, मग पुढे सरकायचं. त्या बिंदूंचा हाताने काढलेला आलेख म्हणजे जगातला पहिला विद्युत 'लॉग'. आज याच कामाला लॉगिंग म्हणतात, आणि भौतिकशास्त्र शिकलेल्या मुलांना या उद्योगात घेतात ते मुख्यतः अशा कामांसाठी. (या कंपनीने 2022 मध्ये नाव आखडून 'एसएलबी' केलं.)

आता आपल्या देशाकडे येऊ. आसामात दिग्बोईला तेल सापडलं ते 1889 च्या सुमारास आणि 1901 मध्ये तिथे शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर परदेशी कंपन्यांवर किती विसंबायचं हा प्रश्न उभा राहिला. केशवदेव मालवीय यांनी हट्टाने सरकारी यंत्रणा उभी केली. 1956 साली तेल व नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे ओएनजीसी, स्थापन झाला. मदतीला रशियन तज्ज्ञ आले. 1958 मध्ये खंभातला आणि 1960 मध्ये अंकलेश्वरला तेल लागलं. धनबादच्या खाणविद्येच्या संस्थेत 1957 पासून पेट्रोलियम इंजिनिअरिंग शिकवू लागले ते याच लाटेत. सरकारने एकीकडे विहिरी खणल्या आणि त्याच वेळी त्या खणणारी माणसं घडवायला घेतली. हे शहाणपण मला फार मोलाचं वाटतं.

मग आला आपला समुद्र. साठच्या दशकात एका रशियन जहाजाने खंभातच्या आखातापासून खाली सर्वेक्षण केलं आणि मुंबईच्या पश्चिमेला समुद्रतळाखाली खडकाचा मोठा उंचवटा असल्याचं दिसलं. पण समुद्रात खणायला साधन हवं. ते जपानमध्ये बांधून घेतलं. 1973 साली 'सागर सम्राट' आपल्याकडे आला. हा रिग तरंगत जागेवर नेतात, मग त्याचे पाय समुद्राच्या तळावर टेकवून तराफा पाण्याच्या वर उचलतात. वेळ कशी होती बघा. त्याच 1973 च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता तो अकरा-बारावर गेला. आणि 1974 च्या फेब्रुवारीत किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर 'बॉम्बे हाय'ला तेल लागलं! मे 1976 मध्ये प्रत्यक्ष उत्पादन सुरू झालं, 1978 मध्ये उरणपर्यंत नळ आला. एक रुपयाची नवी नोट हाती आली तर मागची बाजू निरखून बघा, त्यावर 'सागर सम्राट' आहे. त्या रिगचं खोदकामाचं आयुष्य संपल्यावर त्याचं उत्पादनाच्या फलाटात रूपांतर केलं आणि 2022 च्या डिसेंबरात तो पुन्हा कामाला लागला. आमच्या पिढीतली माणसं निवृत्त झाली, हा गडी अजून नोकरीत आहे!

बॉम्बे हायमुळे उरण, पनवेल, मुंबई परिसरात एक नवा शब्द आला, "तो ऑफशोअरला असतो." जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरने जायचं, न्हावा बंदरातून सामान जायचं. चौदा दिवस समुद्रात, रोज बारा तास काम, मग चौदा दिवस घरी. परदेशी रिगवर हाच हिशेब अठ्ठावीस दिवसांचा असतो. गणपतीला असेल तर दिवाळीला नाही, लग्न ठरवायचं तर आधी पाळीचं कॅलेंडर बघायचं. आणि हे काम फक्त इंजिनिअरचं नव्हे. वेल्डर, फिटर, क्रेनवाला, इलेक्ट्रिशियन, डॉक्टर, आचारी, सगळे लागतात. आयटीआय झालेल्या मुलांची घरं यावर उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

इथवरचं चित्र गोड आहे. आता दुसरी बाजू.

पहिली गोष्ट भावाची. 1985 च्या अखेरीस तीस डॉलरच्या आसपास असलेलं तेल 1986 च्या मध्याला दहा-बारावर आलं. 2014 च्या मध्याला शंभराच्या वर होतं ते 2016 च्या सुरुवातीला तिसाच्या खाली. 20 एप्रिल 2020 ला तर अमेरिकेतला वायदा भाव शून्याच्याही खाली गेला, म्हणजे विकणाराच पैसे द्यायला तयार! भाव पडला की तेलकंपनी जुन्या विहिरींतलं तेल काढत राहते, पण नव्या विहिरी थांबवते. आणि सेवा कंपनीची भाकरी मुख्यतः नव्या विहिरींवर भाजते. म्हणून कात्री आधी तिथे लागते. पंचविशीत डोळे दिपवणारा पगार मिळतो तो या अनिश्चिततेचीही किंमत धरून असतो.

दुसरी गोष्ट जिवाची. 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रात पायपर अल्फा फलाटाला आग लागली, 167 माणसं गेली. त्यातले बहुतेक कंत्राटदारांकडचे होते. 20 एप्रिल 2010 ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन पेटला. विहीर बीपी कंपनीची. मेलेल्या अकरा जणांपैकी नऊ रिगवाल्या कंपनीचे आणि दोन ड्रिलिंगचा चिखल पुरवणाऱ्या कंपनीचे. विहिरीच्या मालकाचा एकही नाही. यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

आपल्याकडचं बघा. 26 जुलै 2005 चा पाऊस सगळ्यांना आठवतो. दुसऱ्या दिवशी 27 तारखेला मुंबई हायवर काय झालं ते कमी जणांना आठवतं. 'समुद्र सुरक्षा' या जहाजावरच्या एका आचाऱ्याची बोटं कापली गेली. त्याला उपचारासाठी फलाटावर उतरवायला जहाज जवळ आलं, लाटांनी फलाटावर आदळलं, वायू वाहून नेणारी नळी फुटली आणि दोन तासांत फलाट जळून गेला. बावीस जण दगावले, साडेतीनशेहून अधिक वाचले. आणि मे 2021 मध्ये तौक्ते वादळात पी-305 हा राहण्याचा तराफा बुडाला. त्यावर अडीचशेहून अधिक कामगार होते, सत्तरहून अधिक परतले नाहीत. नौदलाने रात्रंदिवस झुंजून बाकीच्यांना वाचवलं. तिथलं बहुतेक मनुष्यबळ कंत्राटी होतं, देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेलं. वादळाची सूचना आधी मिळाली होती. थांबायचं की परतायचं हे ठरवणारी माणसं मात्र त्या तराफ्यावर झोपणारी नव्हती.

मग जाऊ नये का? तसं मी म्हणणार नाही. इतिहास वाचून घाबरायचं नसतं, प्रश्न विचारायला शिकायचं असतं. पायपर अल्फानंतर लॉर्ड कलन यांच्या चौकशीने 106 शिफारशी केल्या आणि समुद्रातल्या सुरक्षेची सारी पद्धत बदलली. गोव्यात बेतूलला ओएनजीसीची सुरक्षेचं शिक्षण देणारी संस्था आहे. बुडत्या हेलिकॉप्टरमधून बाहेर कसं पडायचं, हेही आता समुद्रावर जाणाऱ्यांना शिकवतात. हे नियम कुणाच्या तरी मरणातून आलेले आहेत, ते कंटाळून उरकू नयेत.

म्हणून आपल्या घरातल्या मुलामुलींना (हो, आता मुलीही रिगवर जातात) मी तीन गोष्टी सांगेन. एक, नेमणूकपत्रावर नाव कुणाचं आहे ते बघा: तेलकंपनीचं, सेवा कंपनीचं, की मधल्या कंत्राटदाराचं? विमा कोण भरतो, जखमी झालात तर कोण जबाबदार, हे सही करण्याआधी विचारा. दोन, चांगल्या वर्षांत वाईट वर्षांची शिदोरी बाजूला काढा. पहिल्याच पगारावर मोठ्या घराचे हप्ते घेऊ नका. तीन, कंपनी नव्हे, विद्या धरा. खोदणं, सिमेंट करणं, मोजणं ही विद्या तेलापुरती नाही. जमिनीतली उष्णता वापरून वीज करायची तर विहीर खणावीच लागते, कार्बन वायू खडकात पुरायचा तर तिथेही हीच माणसं लागतात. उद्या तेलाचं महत्त्व घटलं तरी पृथ्वीच्या पोटात हात घालणारा माणूस रिकामा बसणार नाही.

आणि आईवडिलांना एकच. मुलगा "काम थांबवा, हे धोक्याचं आहे" असं वरिष्ठांना सांगून नोकरी गमावून घरी आला, तर त्याला बोल लावू नका. त्याच्यामागे घर उभं आहे हे त्याला जाण्याआधीच सांगून ठेवा.