पेटी न उघडता : मधमाशीच्या दारात उभं राहण्याचा इतिहास

आष्टीत उभं राहून इतिहासावर बोलायचं म्हणजे १६ ऑगस्ट १९४२ च्याच गोष्टी निघणार. निघायलाच हव्यात. पण आज आम्ही इथल्या रानात आणि बागेत लागणाऱ्या एका वेगळ्या नजरेबद्दल बोलणार आहोत: मोहोळाला हात न लावता, मधपेटी न उघडता, आतल्या माश्यांची तब्येत ओळखण्याची नजर.

मधमाशापालनाचा इतिहास सहसा पेटी उघडण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पूर्वी पोळं भिंतीला नाहीतर ढोलीला चिकटलेलं असायचं. आत पाहायचं तर ते कापायचं. १८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी ओळखलं, की ठरावीक फट सोडली तर माश्या ती बुजवत नाहीत. चौकट सुटी निघू लागली. पुढे १९१० च्या सुमारास तिरुचिरापल्लीकडे रेव्हरंड न्यूटन यांनी आपल्या लहानखुऱ्या सातेरी माशीच्या मापाची पेटी केली. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. वर्ध्याच्या मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली, तेलघाणी आणि हातकागदाच्या जोडीला मधमाशापालनही आलं. पेटी उघडली, चौकट उचलली, मध यंत्रात फिरवून काढला, पोळं जसंच्या तसं परत ठेवलं. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्यांना हे पटणारच होतं.

मग बाहेरून पाहणाऱ्या नजरेचं काय झालं? ती मागे पडली, संपली मात्र नाही. याचं पहिलं कारण आग्या माशी. ती पेटीत राहतच नाही. उंच झाडाला एकच मोठं पोळं, त्यावर माश्यांचा पडदा. गांधीलमाशी जवळ आली की त्या पडद्यावरून लाट सरसरत जाते. हे सगळं खालूनच पाहायचं असतं. पडदा विरळ होऊन मधूनच उघडं मेण दिसू लागलं, तर पोळं भरात नाही हे पाहणारा समजतो.

दुसरं कारण सातेरी. तिला वारंवार छेडलं तर ती सगळं घरदार सोडून निघून जाते. म्हणून सातेरीवाल्याने आधी दारात उभं राहायला शिकावं असं आमचं मत आहे. सकाळी पायांना परागाच्या गोळ्या लावून माश्या आत शिरताहेत, म्हणजे आत अळ्या आहेत, बहुतेक राणी अंडी घालतेय. फुलं असूनही चार-सहा दिवस पराग येणं थांबलं, तर काळजी करा. दारात झटापट चाललीय, माश्या फटीतून घुसायला बघताहेत, म्हणजे दुसऱ्या वसाहतीने लूट मांडलीय. आपल्याकडच्या उन्हाळ्यात संध्याकाळी दाराबाहेर माश्यांचा घोस लटकतो. तो बहुधा आजार नसतो, आत उकडतंय एवढंच.

इथे एक गंमत सांगतो. एच. श्टोर्ख या जर्मन मधपाळाचं पेटीच्या दारातल्या निरीक्षणावरचं पुस्तक जगभर वाचलं जातं, पण ते युरोपीय माशीसाठी लिहिलेलं. युरोपीय माशी दारात तोंड आत करून पंख हलवते आणि आतली हवा बाहेर ओढते. आपली सातेरी तोंड बाहेर करून उभी राहते आणि बाहेरची हवा आत ढकलते. नवशिका पुस्तकातलं चित्र बघून आपल्या माशीचं काहीतरी बिघडलंय असं ठरवायचा!

या नजरेला मर्यादा आहे, तेही सांगायला हवं. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिणेत सातेरीच्या वसाहतींची वाताहत केली. त्यात अळी कोष होण्याआधीच मरते आणि पाण्याच्या पिशवीसारखी होते. दारात फेकलेल्या अळ्या आणि कमी झालेली ये-जा दिसेपर्यंत आत बरंच नुकसान झालेलं असतं. म्हणून संशय आला की पेटी उघडावीच. बाहेरची नजर कधी उघडायचं ते सांगते, उघडण्याऐवजी चालत नाही.

आता आष्टीकडे येऊ. हा संत्र्याचा पट्टा. आंबिया बहराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, माश्या दिवसभर झाडावर असतात. नेमकी तेव्हाच कुणी फवारणी केली, तर तिचा पहिला हिशेब पेटीच्या दारात मांडला जातो: मेलेल्या माश्यांचा ढीग, पुष्कळांच्या सोंडा बाहेर आलेल्या, काही जमिनीवर गरगर फिरणाऱ्या. आजाराने माश्या हळूहळू कमी होतात. विषाने एका दिवसात ढीग पडतो. हा फरक ओळखता आला तर मधपाळ बागवाल्याकडे नेमकं बोलायला जाऊ शकतो: फुलोऱ्यात फवारू नका, अगदीच टाळता येत नसेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी फवारा, आणि आदल्या दिवशी मला सांगा. पण बघायला लवकर जावं लागतं. ऊन चढेपर्यंत मुंग्या त्या माश्या ओढून नेऊ लागतात.