मशेरी आली कुठून?

बचत गटाच्या बैठकीत मशेरीचा विषय काढला की एक उत्तर हमखास येतं, "ताई, ही तर आज्या-पणज्यांपासूनची रीत." पण त्या पणज्यांच्याही आधी काय होतं?

तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती पोर्तुगीजांनी आणली. १६०५ च्या सुमारास असद बेगने विजापूरहून ती अकबराच्या दरबारात नेली, तेव्हा बादशहालाही तिचं नवल वाटलं. त्याआधीही बायका दात घासतच होत्या, कडुनिंबाच्या नाहीतर बाभळीच्या काडीने.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच. तिने दुखणं दबल्यासारखं वाटतं. पण हिरड्या दातांपासून सुटतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, गरोदरपणी बाळाचं वजन कमी भरतं. १९९२ साली सरकारने दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. घरच्या तव्यापर्यंत मात्र कायदा पोहोचत नाही.

तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली, तर लगेच दवाखाना गाठा. मशेरी सोडणं जड जातं, म्हणून एकटीने नको. गटातल्या दोघी-तिघींनी मिळून सोडा.