उघडता येणारी पेटी

बचत गटाचा हिशोब, मुलांचा अभ्यास, शिवणकामाची बिलं, अशा कामांसाठी टेबलावरचा संगणक घ्यायचा ठरला की दुकानात पहिला प्रश्न निघतो तो किमतीचा. आम्ही म्हणतो, त्याआधी एक प्रश्न विचारूया: ही पेटी उघडून तिच्यातला एखादा भाग बदलता येईल का? या प्रश्नाला चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत आयबीएम कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ आणला. लवकर तयार व्हावा म्हणून बरेच भाग बाहेरून विकत घेतले होते. प्रोसेसर इंटेलचा होता. आत जादा कार्डं बसवायला पाच खाचा होत्या, आणि आतली रचना समजावणारं पुस्तकही कंपनीने विक्रीला ठेवलं. सगळ्यात साध्या यंत्रात मेमरी अवघी १६ किलोबाइट. पण गरज पडली की ती वाढवता येई. त्यामुळे इतर कंपन्याही त्याला जुळणारे भाग आणि संगणक बनवू लागल्या.

१९८४ मध्ये अ‍ॅपलचा मॅकिंटॉश आला. देखणा, चालवायला सोपा, पण आत जादा कार्डाला एकही खाच नाही, आणि १२८ किलोबाइट मेमरी बोर्डावरच पक्की बसवलेली. त्याच वर्षी चौपट मेमरीचं मॉडेल निघालं. आधीच्या ग्राहकांना कंपनीकडून मेमरी वाढवून घ्यायची तर मुख्य बोर्डच बदलावा लागे.

त्या मोकळ्या खाचांचा फायदा मराठीलाही झाला. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं काम पुढे नेत पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ कार्ड दिलं. ते खाचेत बसवलं की त्याच संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटे. नवं यंत्र घ्यायला नको.

१९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ नावाची मापं ठरवून दिली. ती आजही चालतात. म्हणूनच त्या मापाचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, जळला तर दुसऱ्या कंपनीचाही बसतो. मात्र काही तयार संगणकांत आणि फार छोट्या पेट्यांत कंपनीचं स्वतःचं वेगळं माप असतं. मग तोच भाग शोधत फिरावं लागतं.

आता सॉफ्टवेअरचंही पाहावं लागतं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला ठरावीक नवे प्रोसेसर लागतात, त्यामुळे चालते-बोलते कितीतरी जुने संगणक तिच्या नियमात बसत नाहीत. जुना संगणक स्वस्तात मिळत असेल तर हे आधी विचारा. फुकट मिळणारी लिनक्स त्यावर चालू शकते. पण आपलं हिशोबाचं सॉफ्टवेअर तिच्यावर चालतं का, तेही पाहा.

तेव्हा दुकानात चार गोष्टी विचारूया. मेमरीची एक खाच रिकामी आहे का? एसएमपीएस ठरलेल्या मापाचा आहे का? हार्ड डिस्कऐवजी वेगवान एसएसडी आहे का? वॉरंटी किती, आणि बिल गटाच्या नावावर मिळेल ना? हिशोब, पत्रं आणि इंटरनेट एवढ्यासाठी आठ जीबी मेमरी पुरते; खेळांसाठीचं महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. तेच पैसे यूपीएसला घाला. वीज अचानक गेली तरी अर्धवट लिहिलेला हिशोब वाचेल.

गटाचा पैसा दहा-वीस जणींच्या घामाचा असतो. एक भाग बिघडला म्हणून अख्खं यंत्र भंगारात जाऊ नये, एवढं आपण पेटी घेतानाच पाहू शकतो.