मेंदूतल्या गल्ल्यांचे नंबर

कोल्हापूरच्या राजारामपुरीत घर शोधायचं तर आधी आकडा लागतो. पाचवी गल्ली, आठवी गल्ली, अकरावी गल्ली. बाकीच्या गावाला पेठा आणि तालमी, हिला नंबर. जुनं कोल्हापूर वळणं घेत वाढलं, ही वस्ती मात्र राजाराम महाराजांच्या नावाने आखून बसवलेली. जनता बझारपाशी उभं राहून नुसतं 'सातवी कुठली हो?' म्हटलं की कोणीतरी हात दाखवतोच. दवाखान्यांचीही इथे रेलचेल. एखाद्या दवाखान्याच्या बाकावर पेशंटचे नातेवाईक एमआरआयची फिल्म ट्यूबलाइटकडे धरून बघत असतात, आणि हमखास उलटं वाचतात. फिल्मची डावी बाजू ही पेशंटची उजवी असते. पेशंट आपल्यासमोर उताणा झोपलाय आणि आपण त्याच्या पायाकडून बघतोय, असं धरायचं. डाग फिल्मवर उजवीकडे दिसतो, म्हणजे तो मेंदूच्या डाव्या अंगाला, आणि लुळा पडलेला हात पुन्हा उजवा. या हिशेबात शिकलेली माणसंसुद्धा गोंधळतात.

डॉक्टरांच्या पुस्तकात त्या डागाच्या जागेलाही नंबर असतो. चार नंबर म्हणजे हालचालीचा भाग, सतरा म्हणजे नजरेचा, चव्वेचाळीस आणि पंचेचाळीस म्हणजे बोलण्याचे. हे नंबर कोणी पाडले आणि कसे, त्याची ही कुळकथा.

नंबर येण्याआधी शंभरेक वर्षं नावंच होती, आणि ती बरीचशी थापा होती. फ्रान्झ योसेफ गाल या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसाचे सत्तावीस गुण-अवगुण मेंदूत जागोजागी बसवले आणि कवटीवरचे उंचवटे चाचपून स्वभाव सांगायची टूम काढली. ती आपल्याकडच्या सामुद्रिकाच्याच जातीची. पण मेंदूत प्रत्येक कामाला वेगळी जागा असावी, ही त्यामागची कल्पना वाया गेली नाही. तिला पुरावा मिळाला १८६१ साली, पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात. लबोर्न्य नावाचा रुग्ण तिथे एकवीस वर्षं होता. काहीही विचारा, तो 'तां, तां' एवढंच म्हणायचा. बोललेलं त्याला समजायचं, हातवारे करून उत्तरही द्यायचा, पण शब्द तो एकच. तो वारल्यावर पॉल ब्रोका या सर्जनने त्याचा मेंदू पाहिला, तर डाव्या बाजूला पुढच्या भागात खालच्या अंगाला खड्डा पडलेला.

या गोष्टीतला एक तपशील कोल्हापूरकरांनी लक्षात ठेवावा असा आहे. फार संतापला की लबोर्न्यच्या तोंडून एक सणसणीत फ्रेंच शिवी अख्खी बाहेर पडायची. आजही असे रुग्ण दिसतात. साधं 'पाणी द्या' म्हणता येत नाही, पण शिवी, एक ते दहा आकडे, लहानपणी पाठ झालेली आरती बिनचूक येते. घरच्यांना वाटतं, हा मुद्दाम बोलत नाही. तसं नसतं. घोटून घोटून आपोआप येणारं बोलणं आणि शब्द जुळवून नवं वाक्य करणं या मेंदूच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१८७० साली कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज, ज्यांच्या नावाची राजारामपुरी आहे त्यांच्या आधीचे, युरोपच्या प्रवासाहून परतताना फ्लॉरेन्सला ऐन विशीत वारले. आर्नो नदीकाठी त्यांचं दहन झालं, तिथे त्यांची छत्री अजून आहे. त्याच वर्षी तिकडे बर्लिनला फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूला बारीक विजेचा चटका देऊन पाहिला. ठरावीक जागी तार टेकवली की विरुद्ध बाजूचा पाय हलायचा. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, एवढंच की आपल्याकडे त्या वर्षाची आठवण वेगळ्या कारणाने आहे. चार वर्षांनी कार्ल वेर्निके याने बोलण्याची दुसरी जागा दाखवली. ती कानाच्या मागे वर, आणि ती बिघडली की माणूस घडाघडा बोलतो पण त्याला अर्थ नसतो.

म्हणजे कामांच्या जागा एकेक करून सापडत होत्या, पण अख्खा नकाशा कोणाकडे नव्हता. तो काढला कोर्बिनियान ब्रोडमान याने. जन्म १८६८ चा, खेड्यातला. बर्लिनमध्ये ओस्कार आणि सेसिल फोग्ट या नवरा-बायकोच्या प्रयोगशाळेत १९०१ पासून तो मेंदूचे पातळ काप काढत बसला. हे काम काय आहे याचा अंदाज ज्यांनी घरी भेजा केला आहे त्यांना येईल. खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या भेज्यावर एक पातळ, रक्ताच्या बारीक रेघांचा पापुद्रा असतो. तो नखाने सोलायला गेलं की बोटाखाली भेजा दबतो, म्हणून आधी मिठाच्या गरम पाण्यात टाकून त्याला जरा घट्ट करून घेतात. ब्रोडमानलाही तेच करावं लागे, फक्त रसायनांनी. मग मेणात बसवायचा, कागदाहून पातळ काप काढायचे, फ्रान्झ निसलने शोधलेल्या रंगात बुडवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. त्या रंगात पेशींची शरीरं निळी-जांभळी उठून दिसतात.

त्याला दिसलं ते असं. मेंदूवरची राखाडी साल जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाड, पण तिच्यात पेशींचे सहा थर. जागा बदलली की थरांची ठेवण बदलते. कुठे चौथा थर गच्च, कुठे तो जवळजवळ नाहीच. जिथे ठेवण बदलली तिथे त्याने हद्द मारली आणि नंबर दिला. १९०९ साली त्याचं पुस्तक निघालं. आकडे ५२ पर्यंत गेले.

राजारामपुरीत सहावीनंतर सातवी येते. ब्रोडमानच्या नकाशात मात्र स्पर्शाच्या पट्ट्यात पुढून मागे गेलं तर क्रम लागतो तीन, एक, दोन. कारण त्याने मेंदू डोक्याच्या माथ्यापासून आडवा कापत आणला, आणि जो भाग आधी नजरेला पडला त्याला आधीचा आकडा. नंबराला यापलीकडे काही अर्थ नाही. तेरापासून सोळापर्यंतचे आकडे तर माणसाच्या नकाशात सापडतच नाहीत. त्याने माकडांपासून इतर कितीतरी प्राण्यांचे मेंदू तपासले होते आणि सगळ्यांना एकच अनुक्रम लावला होता. वैद्यकीची पोरं हे आकडे घोकतात तेव्हा त्यांना हे कोणी सांगत नाही. सांगितलं तर घोकणं जरा सुसह्य होईल.

खरी गंमत पुढची. ब्रोडमानने काम पाहून हद्दी मारल्याच नव्हत्या, पेशी पाहून मारल्या होत्या. तरी बऱ्याच ठिकाणी दोन्ही जुळलं. सतरा नंबरात, डोक्याच्या अगदी मागे, एक पांढरी रेघ नुसत्या डोळ्यांना दिसते. ती १७७६ मध्येच जेन्नारी नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने पाहून ठेवली होती. रेघ जिथे संपते तिथे सतरा नंबर संपतो, आणि डोळ्यांकडून आलेला निरोप सालीवर पहिल्यांदा पोचतो तो नेमका तिथेच. चार नंबरात प्रचंड पेशी आहेत, त्यांचे धागे थेट पाठीच्या कण्यात उतरतात. तिथे इजा झाली की हात किंवा पाय जातो. मात्र गल्लीच्या नंबरावरून तिथे कोण राहतं ते कळत नाही, तसंच पुष्कळ नंबरांचं झालं. त्यांचं काम कळायला आणखी शंभर वर्षं लागली, आणि काहींचं अजून नीट कळलेलं नाही.

ब्रोडमानचं स्वतःचं नशीब फारसं उजळलं नाही. याच विषयावरचा त्याचा प्रबंध बर्लिनच्या वैद्यक विभागाने नाकारला. पुढे दुसरीकडे मानाची जागा मिळाली, आणि लगेच १९१८ साली, पन्नाशीही न गाठता, तो रक्तात जंतुसंसर्ग होऊन गेला. नकाशा मात्र टिकला. २०१६ साली अमेरिकेत डेव्हिड व्हॅन एसेन यांच्या गटाने एमआरआयवरून नवा नकाशा काढला. त्यात मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागात १८० भाग आहेत. तरीही डॉक्टर आपसात बोलताना चव्वेचाळीसच म्हणतात.

एक मात्र ध्यानात ठेवावं, हे सगळे आकडे फक्त वरच्या सालीचे. मानेच्या वर मागे असलेल्या लहान मेंदूला यातला एकही नंबर नाही, आणि मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी बहुतेक पेशी तिथेच आहेत. तोल सांभाळणं, हालचालीला सफाई आणणं हे काम त्याचं. लाल मातीत डाव टाकणाऱ्या पैलवानाचा अर्धा जीव तिथे असतो.

पैलवानाचा विषय निघालाच आहे तर पेनफिल्डकडे वळू. वाइल्डर पेनफिल्ड हा मॉन्ट्रियलचा मेंदूचा सर्जन. फेफरं येणाऱ्या रुग्णांची शस्त्रक्रिया तो त्यांना जागं ठेवून करायचा. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, कातडी आणि वरचं आवरण बधिर केलं की पुरतं. विजेची बारीक तार एकेका जागी टेकवायची, रुग्ण काय सांगतो ते लिहून घ्यायचं आणि त्या जागी आकडा लिहिलेला कागदाचा इवलासा तुकडा ठेवायचा. ही नंबरांची दुसरी पिढी. अशा शेकडो नोंदींतून कळलं की अंगाच्या आकाराचा मेंदूतल्या जागेशी संबंध नाही. पैलवानाच्या खांबासारख्या मांडीला चिमूटभर जागा, आणि गुजरीत साजाचे मणी ओवणाऱ्या कारागिराच्या अंगठ्याला तिच्या कितीतरी पट. ओठांनाही तशीच ऐसपैस.

ही विद्या आपल्याकडे आली ती पेनफिल्डच्याच शिष्यांकरवी. डॉ. जेकब चँडी मॉन्ट्रियलला शिकून आले आणि १९४९ मध्ये त्यांनी वेल्लोरला मेंदूशस्त्रक्रियेचा विभाग काढला. मुंबईत तेच शिक्षण घेऊन आलेल्या डॉ. राम गिंडे यांनी पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला काम उभं केलं. कोल्हापूरच्या रुग्णाला मोठं दुखणं म्हणजे मिरज, आणि मिरजेत जमलं नाही तर मुंबई, अशी वाट बरीच वर्षं होती. आता शहराबाहेर कणेरीच्या सिद्धगिरी रुग्णालयात रुग्णाला जागं ठेवून मेंदूच्या शस्त्रक्रिया होतात.

एवढा नकाशा असताना जागं का ठेवतात? कारण नकाशा सरासरीचा असतो. घड्या आणि खाचा प्रत्येकाच्या वेगळ्या, आणि गाठ वाढली की शेजारचा भाग सरकतो. म्हणून तार टेकवायची आणि त्याच वेळी रुग्णाला चित्रातल्या वस्तूचं नाव विचारायचं. नाव अडलं तर ती जागा सोडायची. सीमाभागातल्या रुग्णाचं आणखी एक आहे. निपाणीकडचा माणूस घरात कानडी बोलतो, बाजारात मराठी. जॉर्ज ओजेमान यांनी १९७८ मध्ये सिॲटलला दाखवून दिलं की दोन भाषा येणाऱ्याच्या मेंदूत काही जागी तार टेकवली तर एकच भाषा अडते, दुसरी चालू राहते. तेव्हा अशा रुग्णाला 'हे काय?' म्हणून चित्र दाखवताना मराठीत विचारून भागत नाही, 'इदु एनु?' असंही विचारावं लागतं.