घरी पाठवलेल्या मुलांच्या मागोमाग गेलेली परिचारिका

१/ सप्टेंबर १९०२. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांतून त्या एका महिन्यात १०,५६७ मुलांना आजाराच्या कारणावरून घरी पाठवण्यात आले. सप्टेंबर १९०३ मध्ये हाच आकडा १,१०१ होता. या दोन सप्टेंबरांच्या दरम्यान काय घडले, याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ मॅनहॅटनचा लोअर ईस्ट साइड हा तेव्हा स्थलांतरितांचा भाग होता. पूर्व युरोपातून आलेली ज्यू कुटुंबे, इटलीतून आलेले मजूर, चाळवजा इमारती आणि एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी माणसे. अशा वस्तीत खरूज, गजकर्ण, उवा आणि डोळ्यांची खुपरी झपाट्याने पसरत असे.

३/ १८९७ पासून शहराने शाळांत वैद्यकीय निरीक्षक नेमले होते. त्यांचे काम मात्र तपासणीपुरते मर्यादित होते. संसर्ग आढळला की मुलाला घरी पाठवायचे. उपचार ही पालकांची जबाबदारी. परंतु अनेक आयांना इंग्रजी वाचता येत नव्हते, आणि दवाखान्यात जायचे तर दिवसाची मजुरी बुडत असे.

४/ परिणाम विचित्र होता. वर्गातून काढलेले मूल संध्याकाळी त्याच वर्गमित्रांसोबत जिन्यात आणि रस्त्यावर खेळत असे. संसर्ग थांबत नव्हता, थांबत होते ते फक्त शिक्षण.

५/ ही विसंगती नेमकी हेरली लिलियन वॉल्ड यांनी. त्या स्वतः परिचारिका होत्या आणि १८९३ पासून याच वस्तीत राहून घरोघरी शुश्रूषा करत होत्या. त्यांना भेटलेला बारा वर्षांचा लुई कधीच शाळेत शिकू शकला नव्हता. डोक्यावरच्या खवड्यांमुळे दरवेळी त्याला परत पाठवले जाई. नियमित मलमपट्टी झाली आणि त्याला शाळेत प्रवेश मिळाला.

६/ १९०२ मध्ये तपासणी अधिक कडक झाली आणि वर्ग रिकामे होऊ लागले. तेव्हा वॉल्ड यांनी शहराचे आरोग्य आयुक्त अर्न्स्ट लेडर्ले यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला: आमची एक परिचारिका महिनाभर घ्या. शाळेत परिचारिका ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती, लंडनमध्ये असे प्रयत्न १८९० च्या दशकातच झाले होते. वॉल्ड यांचा आग्रह वेगळा होता. प्रयोग यशस्वी ठरला, तर डॉक्टरांप्रमाणेच परिचारिकेचे वेतनही सार्वजनिक निधीतून मिळावे, यासाठी अधिकाऱ्यांनी आपले वजन खर्च करावे, असे वचन त्यांनी आधीच घेतले.

७/ १ ऑक्टोबर १९०२ रोजी लीना रॉजर्स कामावर रुजू झाल्या. त्या मूळच्या कॅनडाच्या. वाट्याला ४ शाळा आणि सुमारे १०,००० मुले.

८/ त्यांची कार्यपद्धती साधी होती. किरकोळ जखमा आणि त्वचारोगांवर शाळेतच उपचार करून मुलाला वर्गात परत पाठवायचे. ज्यांना घरी राहणे भाग होते, त्यांच्या घरी शाळेनंतर स्वतः जायचे, आईला औषध कसे लावायचे ते प्रत्यक्ष करून दाखवायचे आणि मूल परत येईपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही.

९/ महिनाभरात प्रयोगाचे मोल पटले. डिसेंबरमध्ये आणखी १२ परिचारिका नेमल्या गेल्या आणि शहराने या कामासाठी ३०,००० डॉलर मंजूर केले. वचन पाळले गेले.

१०/ आता पहिल्या पोस्टमधील आकड्यांकडे पुन्हा पाहू. वर्षभरात मुलांचे आजार नऊ-दशांशाने घटले, असा त्यांचा अर्थ नव्हे. उपचार सुरू असलेल्या मुलाला वर्गात बसू देता येते, हे व्यवस्थेने मान्य केले, हा खरा बदल. मुले पूर्वीइतकीच गरीब होती, घरे तितकीच दाटीची होती. आजार आणि हकालपट्टी यांच्यामध्ये एक प्रशिक्षित व्यक्ती उभी राहिली, इतकेच.

११/ सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात आपण लस, कायदा आणि तपासणी यांची नोंद आवर्जून घेतो. चिठ्ठी हातात घेऊन जिने चढणारी परिचारिका बहुधा तळटीपेत राहते. परंतु तपासणीने दोष सापडतो, मूल वर्गात परत येते ते पाठपुराव्याने. आपल्याकडेही शाळेतल्या तपासणीनंतर मुलाच्या दप्तरात ‘डॉक्टरांना दाखवा’ अशी चिठ्ठी येते, तेव्हा १९०२ चा प्रश्न पुन्हा विचारायला हवा: या चिठ्ठीच्या मागोमाग कोण जाणार आहे?

(समाप्त)