हिवाळ्यातली मांजरं आणि पाच अतिचार



मागच्या जानेवारीत मी लेकीकडे न्यू जर्सीला होते. तिकडे हिवाळ्यात सूर्य पाचच्या आत मावळतो, त्यामुळे आमची जेवणं साडेचारलाच व्हायची. एका संध्याकाळी ताटं आवरत होते, तेवढ्यात शेजारीण दारात आली. हातात जाळीचा पिंजरा, त्यावर जुनी चादर. चादरीखाली एक भाटी होती, कुणाचीच नसलेली, मागच्या गल्लीत राहणारी. दुपारी तिची नसबंदी झाली होती. शेजारणीच्या तळघरात आधीच दोन मांजरं होती. हिला एक-दोन रात्री आमच्या तळघरात ठेवता येईल का, असं ती विचारत होती. बाहेर शून्याखाली दहा अंश.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. "आई, चालेल ना?"

मी हो म्हटलं. पण रात्री झोप लागेना. उठून तळघरात गेले आणि चादर जराशी बाजूला केली. ती कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. पोटावरचे केस भादरलेले, डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं. ती पकडली गेली तेव्हा आदल्या रात्रीपासून उपाशी होती, कारण भुलीच्या औषधाआधी पोट रिकामं लागतं.

पर्युषणात तत्त्वार्थसूत्रावरचं प्रवचन आपण दरवर्षी ऐकतो. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्याला पाठ असतात : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. मी त्या पायरीवर बसून मोजत गेले. पिंजऱ्यात अडकवली, म्हणजे बंध. कान कापला, म्हणजे छेद. टीकाकारांनी छेदाचा अर्थ सांगताना तर कान आणि नाक यांचाच दाखला दिलेला आहे. उपाशी ठेवली, म्हणजे अन्नपाननिरोध. पाचातले तीन. आणि हे सगळं करणाऱ्या बाया म्हणत होत्या की ही दया आहे.

मला राग आला नाही, पण उलगडाही होईना. म्हणून परत आल्यावर या विषयाचा इतिहास वाचायला घेतला. तोच आज तुम्हाला सांगते.

सुरुवात आपल्या मुंबईपासूनच करायला हवी. त्या काळी भटकी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे पैसे मिळत. पैशाच्या लोभाने पकडणारे लोकांच्या दारापर्यंत येऊ लागले. जून १८३२ मध्ये पारशी समाजाने त्याविरुद्ध उठाव केला. हिंदू आणि जैन त्यांना सामील झाले, बाजार बंद पडला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि आपले मोतीशा शेठ, म्हणजे मोतीचंद अमीचंद, यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. भायखळ्याचं आदिनाथ मंदिर आणि पालिताण्याची मोतीशा टूंक बांधणारे हेच ते शेठ. मारू नका, आमच्याकडे आणून द्या, आम्ही सांभाळतो, ही पांजरापोळीची भूमिका. आपल्या जीवदयेचा हा अभिमानाचा भाग आहे.

पण मांजर हा जीव पांजरापोळीत मावत नाही. गाय गोठ्यात राहते, म्हातारा बैल दावणीला राहतो. रानावर वाढलेलं मांजर कोंडलं की खात नाही, आजारी पडतं. शिवाय भाटीला दोन महिन्यांत पिल्लं होतात, वर्षातून दोन-तीनदा. कितीही मोठा आसरा बांधला तरी पुरत नाही.

माणसाने मांजर जवळ केलं ते उंदरांसाठी. रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिने १७४५ मध्ये हुकूम काढून कझानहून दांडगी मांजरं सेंट पीटर्सबर्गच्या राजवाड्यात मागवली. तिथे आता हर्मिटाज संग्रहालय आहे, आणि तळघरातल्या गरम पाइपांच्या आधाराने आजही पन्नासेक मांजरं रशियाचा हिवाळा काढतात. लंडनच्या टपाल खात्याने १८६८ मध्ये तीन मांजरं नोकरीला ठेवली आणि त्यांच्या खाण्याला आठवड्याला एक शिलिंग मंजूर केला. मांजर हवं होतं, पण तिची पिल्लं नको होती. युरोप-अमेरिकेत नको असलेली पिल्लं बादलीत बुडवणं ही घराघरातली रीत होती. त्याला कुणी क्रौर्यही म्हणत नसे.

हे वाचून मी "अरे देवा" म्हटलं, आणि लगेच गप्प झाले.

कारण आमच्या सासरच्या वाड्यात दर उन्हाळ्यात धान्याच्या खोलीत भाटी विणायची. आजेसासूबाईंचा दंडक होता की मांजर पाळायचं नाही, ते हिंसक प्राणी आहे, त्याच्या हिंसेचा वाटा आपल्याला लागतो. मारायचं तर नाहीच. मग काय करायचं? पिल्लं पोत्यात घालून गड्याच्या हाती द्यायची आणि तो नदीपलीकडे बाजारात सोडून यायचा. दोन-तीन वर्षं ते पोतं बांधून मी माझ्या हाताने दिलंय. डोळे नुकतेच उघडलेली पिल्लं. पुढे त्यांचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून मला ते हिंसा वाटलं नाही. आई तोडली, दूध तोडलं, आणि आम्ही हात धुऊन पाणी गाळायला बसलो. बादलीत बुडवणाऱ्यांपेक्षा आम्ही किती वेगळे होतो, हा प्रश्न मला त्या तळघराच्या पायरीवर पहिल्यांदा पडला.

शस्त्रक्रियेचा मार्ग बराच उशिरा आला. परदेशात १९३० नंतर पाळीव मांजरींची नसबंदी हळूहळू रुळली, पण ती पैसेवाल्यांच्या मांजरींची. १९४७ च्या जानेवारीत अमेरिकेत एड लोव नावाच्या माणसाने मांजराच्या शौचासाठी वाळूऐवजी एक प्रकारची माती वापरून पाहिली, कारण शेजारणीची बाहेरची वाळू गोठून गेली होती. त्या मातीमुळे मांजर बारा महिने घरात राहू शकलं. तेव्हापासून मांजरांचे दोन वर्ग पडत गेले : घरातलं उबदार मांजर आणि गल्लीतलं, कुणाचंच नसलेलं.

या गल्लीतल्या मांजरांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते इंग्लंडमधल्या काही बायकांनी. सेलिया हॅमंड ही साठच्या दशकातली नावाजलेली मॉडेल. ते झगमगतं जग सोडून ती पडक्या इमारतींमधली मांजरं पकडून, नसबंदी करून, परत जागच्या जागी सोडू लागली. १९८६ मध्ये तिने त्यासाठी स्वतःची संस्था काढली. त्याआधी १९७७ मध्ये 'कॅट ॲक्शन ट्रस्ट' सुरू झाली होती. पकडा, शस्त्रक्रिया करा, तिथेच सोडा आणि पुढे सांभाळा, अशी ही पद्धत. १९८० मध्ये इंग्लंडमध्ये प्राणिशास्त्रज्ञांची यावर परिषदही झाली. पुन्हा तीच मांजर चुकून पकडली जाऊ नये म्हणून भुलीतच कानाचं टोक कापायची खूण ठरली. ती लांबून दिसते. पट्टा बांधला तर तो फांदीत अडकून गळफास बसतो. म्हणजे तो छेद एकदाच होतो, आणि त्यामुळे दुसऱ्यांदा पोट फाडलं जाणं टळतं.

१९९० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनच्या एका गल्लीतून हे काम सुरू झालं. पण मला सर्वांत भावली ती मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्टची हकीकत. कडाक्याच्या थंडीचं बंदराचं गाव. १९९२ मध्ये तिथल्या धक्क्यावर सुमारे ३०० मांजरं होती. गावकऱ्यांनी संस्था काढली, माणसाळलेल्यांना घरं शोधली, बाकीच्यांच्या नसबंद्या करून तिथेच सोडलं आणि रोज खाणं-पाणी चालू ठेवलं. संख्या कमी करण्यासाठी मांजरं मारली नाहीत. संख्या आपोआप ओसरत गेली आणि त्या कळपातलं शेवटचं मांजर २००९ मध्ये म्हातारं होऊन गेलं. सतरा वर्षं! आपल्याकडे चातुर्मासाचे नियम चार महिने पाळताना आपली दमछाक होते.

आता हिवाळ्याकडे येते. मला वाटायचं, एवढ्या थंडीत पोट भादरून शस्त्रक्रिया कशाला? उन्हाळ्यात करावी. शेजारणीने कारण सांगितलं आणि मी थक्क झाले. मांजरीचा माज दिवसाच्या लांबीवर असतो. थंड देशात दिवस लहान झाले की तो थांबतो आणि दिवस वाढू लागले की पुन्हा येतो. वसंतात पकडलेल्या भाटीच्या पोटात बहुधा पिल्लं असतात, आणि तेव्हा नसबंदी म्हणजे गर्भही जातो. ऐन हिवाळ्यात गर्भ नसण्याचीच शक्यता जास्त. आपल्या दृष्टीने हा फरक केवढा मोठा आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मात्र त्याची किंमत ती भाटी थंडीने मोजते. भुलीत शरीराची ऊब राखण्याची शक्ती जाते, म्हणून पूर्ण शुद्धीवर येऊन एक-दोन दिवस होईपर्यंत तिला घरातच ठेवावं लागतं. भादरलेले केस यायला कित्येक आठवडे जातात. म्हणून नसबंदी करणाऱ्यावर तिच्या निवाऱ्याची जबाबदारी येतेच.

तो निवारा कसा करतात, ते मी शेजारणीबरोबर बसून शिकले. थर्माकोलची जाड पेटी किंवा झाकणाचा प्लास्टिकचा डबा आतून थर्माकोल लावून घ्यायचा. आकार लहान, दोन-तीन मांजरं दाटीने बसतील एवढाच, कारण ऊब त्यांच्या अंगाचीच असते. दार वीतभर, त्याहून मोठं नको. पेटी विटांवर उचलून, भिंतीच्या कडेला, वाऱ्याकडे पाठ करून ठेवायची. आत काय घालायचं? मी लगेच जुनी गोधडी आणली, तर ती म्हणाली, "नको!" कापड ओल धरतं, ती ओल गोठते आणि मांजराचं अंग उलट गार पडतं. वैरणीचं गवतही ओल धरतं. घालायचं ते कोरडं काड, गव्हाचं किंवा भाताचं. काड पोकळ असतं, त्यात हवा कोंडते, पाणी ठरत नाही, आणि मांजर त्यात शिरून बसतं. खाणं-पाणी पेटीत ठेवायचं नाही, सांडलं की पुन्हा ओल. पाण्याचं भांडं खोल आणि तोंडाला लहान असावं, म्हणजे उशिरा गोठतं, आणि दिवसातून दोनदा बदलावं. बर्फ पडला की आधी पेटीचं दार मोकळं करायचं.

एक गोष्ट मात्र सुटली नाही, तीही सांगते. मांजराचं खाणं मांसाचं असतं. मी त्याला हात लावला नाही. खाणं शेजारीण घालायची, पाणी आणि काड माझ्याकडे. मला हे पूर्ण समाधानाचं वाटलं, असं म्हणणार नाही. शिवाय २०१३ च्या एका शास्त्रीय लेखात अंदाज आहे की अमेरिकेत मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, आणि त्यातले बहुतेक या बेवारशी मांजरांकडून. ज्या जीवाला मी ऊब दिली, त्याने वसंतात किती चिमण्या धरल्या असतील? आजेसासूबाई चुकीचं सांगत नव्हत्या. पण त्यावर पोतं हा उपाय नव्हता. न जन्मलेल्या पिल्लांना भूक नसते आणि शिकारही नसते, एवढंच आज मला म्हणता येतं.

मग ते तीन अतिचार? हिंसेचं मूळ प्रमादात आणि कषायात आहे, असं आपण शिकतो. दरोडेखोराची सुरी आणि वैद्याची सुरी यांचा दृष्टांत प्रत्येक प्रवचनात येतो. बंध, छेद, अन्नपाननिरोध त्या बायांनी केले खरे, पण पिंजऱ्यावर चादर टाकून, कान भुलीत कापून, उपास एका रात्रीचा ठेवून, आणि पुढे दहा-बारा वर्षं रोजचं पाणी स्वतःकडे घेऊन. आम्ही पोतं बांधलं तेव्हा बंध होता, अन्नपाननिरोध होता, आणि पुढचं पाहायची तयारीच नव्हती. प्रमाद तो हाच. यंदाच्या क्षमावाणीला मी सगळ्या जीवांची क्षमा मागताना ती पिल्लं डोळ्यांसमोर आणली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या भाटीला गल्लीत नेऊन पिंजऱ्याचं दार उघडलं. तिने वळूनही पाहिलं नाही, थेट कुंपणाखालून पळाली. संध्याकाळी पेटीच्या दारात काड विस्कटलेलं होतं आणि आत दोन डोळे चमकले.

आपल्याकडे बर्फ नाही, पण नाशिकच्या किंवा नागपूरच्या डिसेंबरात रात्री पुरेशी थंडी असते. आपल्याकडे मांजरं बहुतेक बारा महिने वितात, म्हणून डॉक्टरांना पोटात पिल्लं आहेत का, हे आधी तपासायला सांगा. मोठ्या शहरांत नसबंदी करून देणाऱ्या संस्था आहेत, चौकशी करा. फ्रिज आला की थर्माकोल टाकू नका. आणि धान्याच्या खोलीत भाटी व्याली तर पिल्लं आईजवळच राहू द्या, ती खायला शिकली की भाटीला डॉक्टरांकडे न्या. पोतं मात्र बांधू नका. ते मी बांधलंय, म्हणून सांगते.